रोहूच्या डब्यावरची निळी चकती

मासा ताजा आहे की नाही हे ओळखण्याच्या आपल्या साऱ्या खुणा मासा उघडा असेल तरच उपयोगी पडतात. कल्ला उचलून आतला लाल रंग पाहायचा, डोळा फुगीर आहे की आत गेलाय ते बघायचं, पाठीवर अंगठा दाबून खळगा भरून येतो का ते पारखायचं, आणि सगळ्यात शेवटी नाक. जबलपूरच्या मासळी बाजारात बंगाली गिऱ्हाईक हे काम ज्या बारकाईनं करतं ते पाहून आमच्यासारखे मराठी लोक गप्प बाजूला उभे राहतात आणि त्यांनी पसंत केलेल्या ढिगातलाच मासा मागतात. पण हाच मासा तुकडे होऊन, ट्रेमध्ये बसून, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून दुकानाच्या फ्रीजमध्ये आला की बंगाल्याचं कसबही संपलं आणि आमची नक्कलही. कल्ला नाही, डोळा नाही, बोट लावायला जागा नाही, वास तर कोंडलेलाच. हातात उरतो छापील दिनांक. मासा पाकिटात कधी गेला एवढंच तो सांगतो. वाटेत टेम्पो दोन तास उन्हात उभा होता की नाही, ते त्याला ठाऊक नसतं.

ज्या पुस्तकाची ही प्रस्तावना, त्याचा विषय नेमका इथला आहे. वनस्पतींपासून केलेली पातळ फिल्म मांसामासळीवर किंवा डब्याच्या झाकणाला आतून लावायची. तिनं एकीकडे माल टिकवायला हातभार लावायचा आणि दुसरीकडे माल उतरू लागला की रंग बदलून तसं सांगायचं. पहिल्या कामाला शास्त्रज्ञ सक्रिय आवेष्टन म्हणतात, दुसऱ्याला बुद्धिमान आवेष्टन. पुस्तकात दोन्हींना सारखी पानं दिली आहेत. माझं मत थोडं निराळं आहे. टिकवण्याचं काम बर्फ करतो, फिल्म त्याला फार तर टेकू देते. सांगण्याचं काम मात्र आज कुणीच करत नाही. त्यामुळे या प्रस्तावनेत मी दुसऱ्या कामाकडेच जास्त झुकणार आहे.

मध्य प्रदेशात हा विषय प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. १३ डिसेंबर २०२३ रोजी नव्या मुख्यमंत्र्यांनी पदभार घेताच उघड्यावर, नियम डावलून चालणाऱ्या मांस, मासळी आणि अंड्यांच्या विक्रीविरुद्ध आदेश काढला. त्यामागच्या राजकारणात मी शिरत नाही. परिणाम डोळ्यांना दिसतो : पडदे आले, काचा आल्या, माल झाकला गेला. झाकलेला माल गुंडाळायचा कशात, हा पुढचा प्रश्न. वर्तमानपत्रात अन्न गुंडाळू नये असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे नियम सांगतात. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या कित्येक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी बेकायदा ठरली. तरी काळी पन्नी बाजारातून हललेली नाही. हलणार कशी? तिच्या जागी ठेवायला त्या भावात दुसरं काही नाही. जुन्या पिढीच्या हाताशी माहुलाची पानं होती. मंडला-डिंडोरीच्या जंगलातून ती अजूनही येतात, पण पत्रावळी-द्रोणांसाठी. ओला मासा पानात बांधून स्कूटरच्या डिकीत टाकायला आज कुणी तयार होणार नाही.

आता मांस आणि मासा बिघडतात म्हणजे काय होतं, ते पाहू. फिल्म काय वाचते हे कळायचं तर हा भाग टाळून चालत नाही.

जिवंत जनावराच्या स्नायूचा सामू, म्हणजे पीएच, सातच्या आसपास असतो. कत्तलीनंतर स्नायूतल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल होतं आणि सामू काही तासांत साडेपाच-पावणेसहापर्यंत खाली येतो. हा आंबटपणा मांसाचं पहिलं संरक्षण. पुढे पृष्ठभागावरचे जिवाणू, थंड आणि मोकळ्या हवेत मुख्यतः स्यूडोमोनास जातीचे, आधी उरलेली साखर खातात. ती संपली की अमिनो आम्लांकडे वळतात. तिथून अमोनिया आणि अमाइन सुटायला लागतात, सामू पुन्हा वर चढतो, बुळबुळीतपणा येतो. मांसाचा रंग यात दगा देतो. ताज्या कापाचा जांभळट, हवा लागल्यावरचा लालभडक आणि नंतरचा तपकिरी हे तिन्ही रंग मायोग्लोबिन या एकाच प्रथिनाचे, आणि ते बदलतात प्राणवायूच्या हिशेबानं. तपकिरी झालेलं मांस खाण्याजोगं असू शकतं, लाल दिसणारं नासलेलं असू शकतं. गिऱ्हाईक मात्र रंगावर पैसे मोजतं.

माशाचं गणित वेगळं. त्याच्या अंगात साखर कमी, म्हणून आम्ल कमी, म्हणून संरक्षणही तोकडं. समुद्रातल्या माशात आणखी एक गोष्ट असते : ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड. खाऱ्या पाण्यात शरीराचा तोल सांभाळायला मासा ते पेशींत साठवतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथिलअमाइन करतात, आणि आपण ज्याला मासळीचा वास म्हणतो तो मुख्यतः या वायूचा. जगभरच्या प्रयोगशाळा हा वायू, अमोनिया आणि त्यांची भावंडं एकत्र मोजतात आणि १०० ग्रॅम माशात नायट्रोजन किती मिलिग्रॅम सुटला ते सांगतात. युरोपीय नियमांत जातीनुसार २५ ते ३५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. रंग बदलणाऱ्या बहुतेक फिल्म या आकड्याशी जुळवून बसवलेल्या असतात.

आता जबलपूरला या. इथं विकला जाणारा रोहू, कटला, मृगल हा सगळा गोड्या पाण्यातला मासा. बरगीच्या जलाशयातला असो, तळ्यातला असो की आंध्रातून बर्फात घातलेल्या खोक्यांतून आलेला असो, त्याला समुद्राशी झगडावं लागलेलं नसतं, म्हणून त्याच्या अंगात ते ऑक्साइड फारच कमी. तो नासतो तेव्हा अमोनिया सुटतो, गंधकाचे वायू सुटतात, पण समुद्री माशाचा तो खास वायू जवळजवळ नसतो. म्हणजे सुरमई किंवा कॉड माशावर तपासून ‘हिरवी झाली की टाकून द्या’ असं ठरवलेली फिल्मची चकती रोहूच्या डब्यात निळीच राहून गिऱ्हाइकाला फसवू शकते. मुंबईत जमलेली फिल्म नर्मदेकाठी आणून चिकटवता येत नाही. हे सांगणारं प्रकरण मला पुस्तकातलं सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि बाकी काही वाचायला सवड नसेल तर वाचकांनी निदान तेवढं वाचावं.

रंगांकडे वळू. इथे मराठी घराला कुणी काही शिकवायची गरज नाही. हळदीत चुन्याची निवळी घातली की लाल होते, हे कुंकू करणाऱ्या बायकांना रसायनशास्त्र जन्माला यायच्या आधीपासून माहीत आहे. हळदीचा डाग पडलेल्या पातळाला साबण लावला की डाग तांबडा होतो, तीच ही क्रिया. हळदीतलं कर्क्युमिन अल्कली भेटली की पिवळ्याचं तांबूस तपकिरी होतं. मासळी नासताना सुटणारा अमोनिया अल्कलीच; म्हणून हळद घातलेली फिल्म माशाच्या डब्यात बदलते. दोष एवढाच की हळद उशिरा बोलते. सामू आठच्या पुढे गेल्याशिवाय ती ढिम्म हलत नाही.

दुसरं घराणं अँथोसायनिनांचं. जांभळाची साल, कोकम, लाल कोबी, तांबडी अंबाडी, काळा तांदूळ, गोकर्णाचं फूल या सगळ्यांचे रंग या घराण्यातले. आम्लात लाल, मध्यावर जांभळे-निळे, अल्कलीत हिरवे आणि शेवटी पिवळे, असा त्यांचा प्रवास. पण घराणं एक असलं तरी स्वभाव वेगळे. कोकमाचा रंग आंबटपणातच खुलतो. आंबटपणा गेला की तो फिका पडत जातो, आणि फिकं पडणं हे गिऱ्हाइकाला बदल म्हणून दिसत नाही, जुनाट माल म्हणून दिसतं. जांभूळ जबलपूरच्या रस्तोरस्ती जून-जुलैत पायाखाली चिरडलं जातं, पण त्याचा रंग पकडून ठेवणं कटकटीचं. गोकर्ण तुलनेनं टिकाऊ आहे. त्याचा निळा उजेडातही बराच तग धरतो आणि हिरव्याकडे वळतो तो साध्या डोळ्याला स्पष्ट कळतो. माझं मत विचाराल तर मध्य भारतातल्या फिल्मसाठी गोकर्ण पहिला आणि हळद त्याच्या जोडीला. दोन चकत्या शेजारी लावल्या तर गोकर्णाची चकती आधी सांगेल, हळदीची नंतर, आणि मधल्या वेळात दुकानदाराला भाव पाडून माल काढता येईल.

फिल्म करतात कशी, हे एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. पाच ग्रॅम स्टार्च शंभर मिलिलिटर पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत राहायचं. साठ अंशांपर्यंत ते नुसतं पांढरं पाणी असतं. सत्तर ओलांडले की एकाएकी दाट होतं, ऐंशीला पोचेपर्यंत त्याची पारदर्शक खळ होते. पूर्वी धोतरांना घालायची तीच खळ. तिच्यात स्टार्चच्या पाव ते तिसरा हिस्सा ग्लिसरीन घालायचं. ग्लिसरीन विसरलं तर वाळलेली फिल्म पापडासारखी तडकते. रंग शेवटी, खळ कोमट झाल्यावर, कारण उकळत्या खळीत अँथोसायनिन मरतं. मग सपाट काचेच्या डिशमध्ये ओतून चाळीस अंशांच्या कपाटात रात्रभर वाळवायची. सकाळी कडेला नखानं उचलली की अख्खी सुटून येते. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी जाड, उजेडाकडे धरली की निळसर. अमोनियाच्या बाटलीच्या तोंडावर धरली की बघता बघता हिरवी. विद्यार्थ्यांना हा क्षण फार आवडतो. पण बाटलीतला अमोनिया आणि फ्रीजमधल्या रोहूचा अमोनिया यांत हजारपटींचं अंतर असू शकतं. पुस्तकातल्या लेखकांनी या प्रात्यक्षिकाला फसू नका असं बजावलंय, ते बरं केलं.

या खळीचं स्टार्च कुठून आणायचं? मका, बटाटा, साबुदाणा हे नेहमीचे. पण जबलपूर जिल्ह्यात दोन जिन्नस असे आहेत की त्यांच्याकडे कुणी या नजरेनं पुरेसं पाहिलेलं नाही. एक शिंगाडा : सिहोऱ्याच्या बाजूला तळ्यांत पिकतो, वाळवून दळला जातो आणि उपासाच्या पिठात संपतो. दुसरा वाटाणा. जबलपूरचा हिरवा मटार हिवाळ्यात ट्रक भरभरून बाहेर जातो. वाटाण्याच्या स्टार्चमध्ये अमायलोज, म्हणजे सरळ साखळीचा भाग, मक्यापेक्षा जास्त असतो, आणि साखळी जितकी सरळ तितकी फिल्म चिवट. माझ्या दृष्टीनं मात्र खरा माल जंगलात आहे. कुल्लू नावाच्या झाडाचा डिंक, ज्याला बाजारात कराया म्हणतात, पाण्यात प्रचंड फुगतो आणि फिल्मला बळ देतो. उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था १९८८ पासून आणि राज्य वन संशोधन संस्था १९६३ पासून याच गावात आहेत. डिंक ओळखणारी माणसं शोधायला दूर जायला नको.

जबलपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ सालापासून आहे. २००९ मध्ये इथे पशुवैद्यकीय विद्यापीठ झालं आणि पुढे त्याला नानाजी देशमुखांचं नाव दिलं गेलं. याच विद्यापीठाचं मत्स्यविज्ञान महाविद्यालयही गावात आहे. कडकनाथचं रक्त घेऊन काढलेली ‘नर्मदानिधी’ ही कोंबडी इथलीच. जनावर, मासा, डिंक आणि शिंगाडा हे चारही एका गावात सापडावेत अशी गावं देशात थोडी. फिल्मच्या कामाला मुंबईचा एक आधार जोडावा लागेल : माटुंग्याची, १९२४ साली सुरू झालेली कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था. तिथे नॅनोसेल्युलोज बनवण्याचा प्रायोगिक कारखाना आहे, आणि चिमूटभर नॅनोसेल्युलोजनं स्टार्चची फिल्म ओळखू येणार नाही इतकी मजबूत होते.

मध्येच एक सांगून टाकतो. परदेशी शोधनिबंधांत खूप वापरलेले दोन पदार्थ म्हणजे कोळंबीच्या कवचाचं कायटोसॅन आणि हाडा-कातड्यांचं जिलेटिन. गुणानं दोन्ही उत्तम. पण जिलेटिन कुठल्या जनावराचं, हा प्रश्न आपल्याकडे मटणाच्या दुकानात पहिल्याच दिवशी विचारला जाईल, हिंदू गिऱ्हाईक विचारेल तसंच मुसलमानही. मांस गुंडाळायची फिल्म शाकाहारी हवी, हे ऐकायला विनोदी वाटतं. धंद्यात ते अगदी रोखठोक कारण आहे.

आता फिल्मच्या खोडी. पहिली खोड पाणी. स्टार्चला पाण्याची ओढ असते. कोरड्या हवेत ही फिल्म प्राणवायू अडवण्यात पॉलिथिनपेक्षा सरस ठरते, पण मांसातून झिरपणारं लालसर पाणी लागलं की फुगते, मऊ पडते, फाटते. पॉलिथिन याच्या नेमकं उलट. त्यामुळे नुसत्या शिंगाड्याच्या फिल्ममध्ये अर्धा किलो मटण बांधून द्यायचं स्वप्न तूर्त बाजूला ठेवावं. ओलीमुळे रंगही सुटतो; माशाच्या अंगावर निळा डाग दिसला की गृहिणी मासा फेकणार आणि दुकान बदलणार. म्हणून चकती मालाला न टेकवता झाकणाला आतून लावायची. तिथे ती माशाला वाचत नाही, डब्यातल्या हवेला वाचते. हवा किती, मासा किती, डबा किती घट्ट, यावर उत्तर बदलतं. आणि अगदी सुकलेली चकती बोलतच नाही. अमोनिया विरघळायला तिच्यात थोडा ओलावा लागतो. ओल नको आणि ओल हवीही, या कात्रीत या विषयावरचं निम्मं संशोधन अडकलेलं आहे.

दुसरी खोड अधिक गंभीर. जुलै २०१८ मध्ये गोव्यात बाहेरून येणाऱ्या मासळीत फॉर्मालिन असल्यावरून केवढा गहजब झाला होता, आणि सरकारला परराज्यांतून येणारी मासळी काही दिवस रोखावी लागली होती, हे अनेकांना आठवत असेल. फॉर्मालिन लावलेल्या माशावर जिवाणू वाढत नाहीत. जिवाणू नाहीत तर अमोनिया नाही, अमोनिया नाही तर रंगबदल नाही. म्हणजे सगळ्यात घातक मासा या चकतीला सगळ्यात ताजा वाटणार. त्यासाठी कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं त्याच सुमाराला आणलेल्या ‘सिफ्टेस्ट’सारख्या वेगळ्या पट्ट्याच हव्यात. बांगडा-कुपासारख्या माशात उष्णतेनं तयार होणारं हिस्टामिनही असंच. ते हवेत उडत नाही, शिजवल्यानं जात नाही, आणि चकतीला त्याचा पत्ता लागत नाही. साल्मोनेला, लिस्टेरिया वास न करता बसून राहतात. हवाबंद पाकिटात तर लॅक्टिक आम्लाचे जिवाणू वाढतात आणि सामू चढायच्या ऐवजी उतरतो. चकती ताजेपणा सांगते, सुरक्षितता सांगत नाही. हे वाक्य प्रत्येक पाकिटावर छापलं गेलं पाहिजे, आणि छापायला कंपन्या खळखळ करतील अशी माझी खात्री आहे.

टिकवण्याच्या बाजूबद्दल थोडक्यात. लवंगेचं युजेनॉल, ओव्याचं थायमॉल, दालचिनीचा अर्क फिल्ममध्ये घातला तर जिवाणूंची वाढ मंदावते, यात शंका नाही. आपल्या रश्श्यात हे वास असतातच, म्हणून युरोपीय गिऱ्हाइकाइतकं आपल्याला ते खटकणार नाहीत. पण थंडीला हा पर्याय नव्हे. थंड पाण्यातल्या माशांवरून बसवलेला जुना ठोकताळा असा की, शून्य अंशाला मासा एका दिवसात जेवढा उतरतो तेवढा दहा अंशांना सहा तासांत उतरतो. मे महिन्यात जबलपूरचा पारा बेचाळीसच्या वर जातो. त्या उन्हात ओव्याचं तेल किती वेळ लढणार?

लोकांना रंग वाचता येईल का, अशी शंका मला अनेकदा ऐकवली जाते. ती निराधार आहे, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. पोलिओच्या लशीच्या कुपीवर १९९६ पासून एक छोटी खूण येऊ लागली : गडद वर्तुळात फिका चौकोन. लस उन्हात राहिली की चौकोन काळवंडत जातो; तो वर्तुळाएवढा गडद झाला की कुपी फेकायची. खेड्यापाड्यांतल्या अंगणवाडी ताई आणि आशा कार्यकर्त्या यांनी ही खूण वर्षानुवर्षं न चुकता वाचली, आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या खुणेचं यश दोन गोष्टींत होतं. वाचणाऱ्यानं रंगाचं नाव ठरवायचं नव्हतं, शेजारच्या रंगाशी ताडून पाहायचं होतं. आणि बिघडलेली कुपी फेकली म्हणून ताईच्या खिशातून पैसे जात नव्हते. पहिली गोष्ट माशाच्या चकतीत सहज आणता येते. तिच्याभोवती हिरव्या रंगाची छापील कडा द्या, बास. दुसरी गोष्ट कठीण आहे, कारण इथे फेकण्याचा खर्च कुणाच्या तरी खिशातून जातोच.

आणि मग ही चकती हवी आहे कुणाला? सकाळी बोकड कापून दुपारपर्यंत संपवणाऱ्या मटणवाल्याला ती नको. त्याचं गिऱ्हाईक समोर उभं राहून मांडी की पुठ्ठा ते सांगतं आणि घरी जाऊन लगेच कुकर लावतं. मोबाइलवर मागवलेली चिकनची पाकिटं, मोठ्या दुकानांचे ट्रे, छावणीतल्या खानावळींचा घाऊक पुरवठा, या ठिकाणी तिला जागा आहे. तिथेही विकणारा ती आपणहून लावणार नाही. आपल्याच मालावर चुगलखोर कोण बसवून घेईल? नियमानं सक्ती केली तर त्याआधी अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या पदार्थांची कसोटी पार पडावी लागेल. प्लास्टिकसाठी एका किलो अन्नात ६० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अंश उतरता कामा नये अशी मर्यादा आहे. पाण्यात विरघळणाऱ्या स्टार्चच्या फिल्मला ती जशीच्या तशी लावायची की वेगळी कसोटी आखायची, यावर विचार व्हायला हवा.

पुस्तकात एक बाजू मात्र आलेली नाही, मासा धरणाऱ्याची; ती मी इथे टाकून ठेवतो. १९९० मध्ये भरलेल्या बरगी धरणानं १६२ गावांना झळ पोचवली. विस्थापितांच्या सहकारी संघाला १९९४ साली जलाशयातल्या मासेमारीचे हक्क मिळाले होते. पुढे ते गेले, त्याची कहाणी वेगळी. जाळं टाकणारा ढीमर, बर्मन असो की धरणात शेत गेलेला गोंड, पहाटे काठावर मासा तोलून देतो आणि तिथून पुढे त्याचं त्या माशावर काही चालत नाही. शहरात खोकं उघडल्यावर माल नरम निघाला की तूट त्याच्या हिशेबात पडते, मग बर्फ कुणी वाचवला का असेना. काठावरच, तोलताना, दोघांच्या देखत खोक्याच्या झाकणाला आतून निळी चकती लागली तर वाटेत काय घडलं हे शहरात दिसेल. तीस-चाळीस किलोंच्या खोक्याला एक चकती, म्हणजे खर्च किलोमागे नगण्य. अर्ध्या किलोच्या पाकिटाला हेच गणित झेपत नाही. चकत्या विकत घ्यायच्या त्या सहकारी संस्थेनं, व्यापाऱ्यानं नव्हे. आणि निळीची हिरवी झाल्यावर किती टक्के कपात कुणी सोसायची हे हंगाम सुरू व्हायच्या आधी कागदावर हवं. लेखकांनी पुढच्या आवृत्तीत या खोक्याचा हिशेब मांडावा. त्याला लागणारे तक्ते मत्स्यविज्ञान महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना तयार करता येतील : रोहू, कटला, मृगल, मे आणि जानेवारी, बर्फ पुरेसा, अर्धा आणि अजिबात नाही.